काकडीवर लिहिलेलं नाव

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
१९ ऑगस्ट

प्रिय सुमंत,

मे महिन्यात एका सकाळी, सातच्या सुमाराला, मी जपानमधल्या एका ओढ्याच्या काठी उकिडवा बसलो आणि काकडीवर तुझं नाव लिहिलं. तिकडची काकडी आपल्याकडच्यापेक्षा बारीक आणि खरबरीत असते. दवाने ती ओली झाली होती, बॉलपेन उमटेना. सातो-सानच्या गाडीत खोक्यांवर नंबर टाकायचा जाड मार्कर होता, तो मागून घेतला. पहिल्या काकडीवर अक्षर फराटलं, म्हणून ती बाजूला ठेवली. दुसरीवर तीन अक्षरं नीट काढली, वर रेघही ओढली. मग चप्पल काढली, पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि काकडी सोडली. ती दोन हातांवर जाऊन एका दगडाला अडकली. मी बांबूची काठी शोधून आणली आणि तिला स्वतः पुढे ढकललं.

तिथे कसा पोहोचलो ते सांगतो. आमच्या कंपनीचे व्हॉल्व्ह आता जपानमध्ये कितागामीच्या एका कारखान्यात बनतात आणि ते तपासायला मला वर्षातून एकदा जावं लागतं. सातो-सान तिथला इंजिनिअर, माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. शनिवारी सुट्टी होती. देवळं बघायला आवडतात का, असं त्याने विचारलं आणि तासाभरावरच्या तोनो नावाच्या गावी घेऊन गेला. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये भातखाचरं, उंच तारांवर चढवलेले, बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सचे वेल. एका जुन्या देवळामागून ओढा जातो. त्या जागेला कप्पाचा डोह म्हणतात. कप्पा म्हणजे पाण्यातलं भूत. लहान मुलाएवढं, पाठीवर कासवासारखं कवच, आणि डोक्यावर वाटीसारखा खळगा, त्यात पाणी. त्या पाण्यात त्याची सगळी ताकद. तो घोड्यांना पाण्यात ओढतो, माणसांची पोरं ओढतो. त्याला काकडी फार आवडते, म्हणून लोक तिथे गळाला काकडी बांधून ठेवतात. काठावर छोटंसं देऊळ आहे. अंगावर दूध यावं म्हणून बाळंतिणी तिथे लाल कापडाच्या गाठोड्या वाहतात. जो पोरं बुडवतो त्याच्याचकडे पोरांसाठी दूध मागायचं. मला हे काही विचित्र वाटलं नाही. आपल्या डोहावरच्या साती आसरांना आई दहीभात आणि हिरव्या बांगड्या ठेवायची, ते काय वेगळं होतं?

लोक काकडीवर नाव लिहून पाण्यात सोडतात, असं सातो-सान गाडीत म्हणाला होता. त्याच्या आजीच्या गावी दर उन्हाळ्यात सोडायचे. पुढचं मी त्याला विचारलं नाही. मला वाटलं, मला ठाऊक आहे. आपल्या गावात डोहावर नाव कशासाठी नेतात हे तुला सांगायला नको. ज्याचं वाईट व्हावं असं वाटतं त्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी लिंबात खोचायची आणि लिंबू पाण्याला द्यायचं. आपण सहावीत असताना असं एक लिंबू तू पोहताना वर काढलं होतंस आणि चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवली होतीस. त्या दिवशी तुझ्या पाठीवर गुरुजींच्या छडीचे वळ उठले होते. तर मी त्या परक्या पाण्याला लिंबाऐवजी काकडी दिली. माझ्या भावाला पाण्याने नेलं तसं तुला न्यावं, एवढंच मागितलं. देवपूजा केल्याशिवाय पाणीही न पिणारा माणूस मी, आणि हे मागताना माझा आवाजसुद्धा कापला नाही.

आता तुला कळलं असेल की मला कळलंय. तरीही सगळं क्रमाने लिहितो, कारण आठ वर्षं तू सांगितलंस आणि मी ऐकलं.

प्रथमेश माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. शेंडेफळ म्हणून आईने त्याला जरा जास्तच धाकात वाढवलं. सव्वीस वर्षांचा, पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेजला पीएच.डी. करणारा मुलगा फोनवर आईला विचारायचा, केस वाढवू का गं. त्या वर्षी तो गणपतीसाठी बस बदलत बदलत आमच्याकडे आला. तेव्हा तुझं घर इथेच, तळ्याकाठी, म्हणून मंडळाचं विसर्जन तुझ्या धक्क्यावर. मूर्ती मोठी हवी हा तुझा हट्ट, अडीच फुटांची शाडूची. तळ्यात काही टाकायला टाऊनची परवानगी नव्हती आणि शेजारणीने आधीच्या वर्षी तक्रार केली होती. म्हणून तू मला पुढच्या अंगणात गाड्या लावायला उभं केलंस, रस्त्यावर गर्दी दिसू नये म्हणून. मी तिथे कोणाला रिव्हर्स घ्यायला सांगत होतो तेव्हा मागच्या बाजूला टाळ थांबले.

गणपती बुडाला. तो धरून गेलेला वर आला नाही. पाण्याखालच्या गवतात त्याचे पाय गुंतले होते.

तू पोलिसांना सांगितलंस, मंडळाला सांगितलंस, माझे दोन्ही खांदे धरून मला सांगितलंस: मी नको म्हणत होतो रे एकनाथ, दोनदा ओरडलो, त्याने ऐकलं नाही. तू रडत होतास. मला तुझीच कीव आली. त्यानंतर तू काय नाही केलंस? कागदपत्रं तू केलीस, विमानात माझ्या शेजारी तू बसलास, अस्थी घेऊन नदीत माझ्याबरोबर तू उतरलास. तेराव्याला मी सगळ्यांसमोर तुला वाकून नमस्कार केला. बरोबरीच्या माणसाला, एका बाकावर बसलेल्याला. आणि मनात त्या पोराला शिव्या दिल्या. ऐकलं नाहीस, तुला कोणी सांगितलं होतं शहाणपणा करायला. साडेसात वर्षं मी माझ्या मेलेल्या भावावर रागावून होतो, सुमंत. त्याच्या फोटोला हार घालताना नजर चुकवायचो.

आईचं त्याहून वाईट. देवाची मूर्ती हातात असताना पोराने मोठ्याचा शब्द मोडला, म्हणून देव कोपला, असं तिने मनाशी पक्कं केलं. त्यानंतर तिने घरात गणपती बसवला नाही. प्रथमेशचे जुने शर्ट उसवून तिने एक गोधडी शिवली, ती तुला पाठवली, कारण शेवटी त्याला हाका मारणारा तू होतास. मग तू गावच्या घाटावर पाटी लावलीस. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं: कै. प्रथमेश याच्या स्मरणार्थ. मोठ्यांचे ऐका, खोल पाण्यात जाऊ नका. खाली तुझं नाव आणि अमेरिका. गावाला फार आवडली. वर्षभरात आयाबाया पोरांना पाण्यावर जाताना म्हणायला लागल्या, प्रथमेश होऊ नकोस. आईच्या कानांवर हे रोज पडायचं. ती फोनवर मला सांगायची, बाळा, नाव तरी कामाला आलं त्याचं. गेल्या श्रावणात ती गेली. जाईपर्यंत ती तुझं भलं चिंतत होती.

मार्चमध्ये एका रविवारी आपल्या इथल्या मंडळातला अरुण माझ्याकडे आला. त्याची आई, शोभनाकाकू, त्या वर्षी नागपूरहून आल्या होत्या, तुला आठवत असतील, सगळ्यांना चिवडा देत फिरायच्या. या थंडीत त्या गेल्या. त्यांच्या फोनमधले फोटो काढून घेताना अरुणला एक व्हिडिओ सापडला. काकूंनी फोन धरला होता नुसता, नजर बाप्पावर. काय टिपलं गेलं ते त्यांनी कधी उघडून पाहिलंच नसावं. अरुण खुर्चीवर बसलाही नाही. म्हणाला, तुला दाखवू नये असं बायको म्हणत होती, पण यार, मी हे एकट्याने नाही ठेवू शकत.

बावन्न सेकंद आहे तो. प्रथमेश छातीभर पाण्यात उभा आहे, मूर्ती डोक्याच्या वर धरलेली. तू दिसत नाहीस, तुझा आवाज आहे. तू म्हणतोस, अजून आत जा रे, इथे ठेवलीस तर उद्या मुकुट वर दिसेल आणि ती बया फोटो काढून टाऊनला पाठवेल. तो म्हणतो, सुमंतदादा, पायाला गवत लागतंय. तू म्हणतोस, गवतच आहे ना, मगर तर नाही, वारणेत पोहलेला गडी तू, घाबरतोस काय, दहा पावलं अजून. कोणीतरी हसतं. तो म्हणतो, बरं. आणि जातो. मग काकूंचा हात हलतो, आरतीचं ताट दिसतं आणि संपतं.

बरं. एवढाच शब्द. ज्याने ऐकलं नाही म्हणून गाव त्याचं नाव घेतं, त्याचा शेवटचा शब्द.

त्यानंतर दोन महिने मी काय केलं असेल? काही नाही. कामावर गेलो, व्हॉल्व्ह तपासले. सकाळी देवाला गंध लावताना तू कसा मरावास याचा विचार करायचो. आधी हायवेवर. टेक्सासमध्ये प्लेनोला गेल्यापासून तू रोज चाळीस मैल ड्राइव्ह करतोस, हे मला तिकडेच राहणाऱ्या ईशानने सांगितलं होतं. मग मला वाटलं, नको, पाण्यातच. मी घंटा वाजवायची सोडून दिली, कारण असं चिंतताना घंटा वाजवायची मला लाज वाटायची. चिंतणं मात्र सोडलं नाही. ईशाननेच हेही सांगितलं होतं की तिकडच्या मंडळाचा अध्यक्ष आता तू आहेस, आणि गेल्या वर्षी विसर्जनाआधी लाइफ जॅकेट घातलेल्या मुलांना समोर बसवून तू प्रथमेशची गोष्ट सांगितलीस. सांगताना तू डोळे पुसलेस म्हणे. तो मला हे कौतुकाने सांगत होता.

असा मी त्या ओढ्यावर गेलो होतो. काकडी वळणापलीकडे गेल्यावर मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. परतताना गाडीत सातो-सानने विचारलं, कोणाचं नाव होतं? मी म्हटलं, मित्राचं. तो म्हणाला, नशीबवान मित्र. इतक्या लांबून येऊन कोणी आपल्यासाठी हे करतं का? मग त्याने नीट सांगितलं. काकडीवर ज्याचं नाव असतं त्याला कप्पा ओळखून ठेवतो आणि कधीच हात लावत नाही. त्याची आजी सगळ्या नातवंडांची नावं लिहायची, एकही सुटू नये म्हणून बोटांवर मोजत. तू पाण्यात पडलास तरी पाणी तुला वर ढकलेल, असं तिने त्याला सांगितलं होतं. दगडाला अडकलेली ती काकडी मी काठीने ढकलली होती. पाणी नको म्हणत होतं आणि मी आग्रह केला होता.

मला आधी हसू आलं, मग इतका संताप आला की सातो-सानने गाडी बाजूला घेऊन पाणी प्यायला दिलं. त्याला वाटलं, मला मित्राची आठवण आली. मला बरं वाटावं म्हणून तो आणखी सांगत राहिला. कप्पा फार रीतभात पाळणारा असतो. आपण वाकून नमस्कार केला की तोही वाकतो, डोक्यावरचं पाणी सांडतं आणि तो दुबळा होतो. (तुझ्यासमोर मी इतक्यांदा वाकलो, तुझं काही सांडलं नाही.) आणि तो पकडला गेला की कागदावर लिहून देतो: मी हे केलं, पुन्हा करणार नाही. कुठल्या कुठल्या देवळात असे कागद अजून जपून ठेवलेले आहेत म्हणे. खरे की खोटे, ते सातो-सानलाही माहीत नव्हतं. मी मनात म्हटलं, भूतसुद्धा लिहून देतं.

आणि तिथेच, त्या गाडीत, माझ्या मनातलं तुझं मरण संपलं. मेलेल्याला लाज वाटत नाही. तू मेलास तर मंडळ दोन मिनिटं उभं राहील, तुझ्या फोटोला हार पडेल आणि प्रथमेश होता तिथेच राहील, निळ्या पत्र्यावर. तर ठीक आहे. तुझं नाव मी पाण्याला देऊन ठेवलंय, पाणी तुला काही करणार नाही. तू भरपूर जग. नव्वद वर्षं जग, डोळे आणि कान शाबूत ठेवून. मला आता तेच हवंय.

गेल्या आठवड्यात आईच्या वर्षश्राद्धाला गावी गेलो. लता आणि मुलं इथेच राहिली. विधी झाले आणि मी तुझ्या घरी गेलो. तुझे वडील ओसरीवर पेपर वाचत बसले होते. ब्याऐंशी पूर्ण झाली, पण गुरुजींची पाठ अजून ताठ. मला पाहून म्हणाले, ये एकनाथ, सुमंतचा फोन होता कालच, तुझी चौकशी करत होता. मी त्यांच्या हातात फोन दिला. त्यांनी एकदा पाहिलं. मग ऐकू नीट येत नाही म्हणून फोन कानाला लावून नुसतं ऐकलं. मग परत. चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. म्हणाले, आवाज त्याचाच आहे. मग म्हणाले, तुझ्या आईने ऐकलं का हे? मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली. तुझी बाजू घेणारा एकही शब्द ते बोलले नाहीत, हे तुला कळावं. मी त्यांना सांगितलं की ग्रामपंचायतीत सगळ्यांना हे दाखवलंय, श्रीरंग पेंटरला उद्या सकाळी बोलावलंय, घाटावरची पाटी बदलतोय.

तेव्हा ते उठले. मला वाटलं, आत जातील. ते माझ्यासमोर आले आणि त्यांनी हात जोडले. ज्या हातांनी माझी बोटं धरून मला पाटीवर गिरवायला शिकवलं, ते हात. म्हणाले, बाळ, तुझं बरोबर आहे, तू रंगवच. पण मी असेपर्यंत थांब. माझं आता किती राहिलंय? घाटावरून रोज देवळात जातो रे मी.

म्हणून हे पत्र. परवा गणपती बसतील, अकराव्या दिवशी तू पुन्हा मुलांना समोर बसवशील, त्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं, दुसऱ्या कोणाकडून नको. तुझ्या वडिलांचे जोडलेले हात मी माझ्या हातांनी सोडवले, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि नाही म्हणालो. माझ्या आईला कोणी थांबून विचारलं नव्हतं. या पापाचं काय होईल ते माझा देव बघेल, मी त्याच्याकडे त्याबद्दल काही मागितलेलं नाही. गुरुवारी सकाळी श्रीरंगने निळा रंग पुसून काढला आणि मी त्याच्या शेजारी उभा राहून एकेक शब्द सांगितला. अकरा वाजेपर्यंत रंग वाळला. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून वाचत होत्या. गुरुजी त्या दिवशी देवळात गेले नाहीत, त्यानंतरही गेलेले नाहीत असं कळतं. त्यांच्याकडे जाऊन ये. जाताना घाटावरून जा. तिथे आता असं लिहिलंय: प्रथमेश मोठ्यांचे ऐकणारा मुलगा होता. सुमंतने पुढे जा म्हटले, म्हणून तो खोल पाण्यात गेला.

तुझाच,
एकनाथ